मंगळवारचा काटा

राइस मिलमध्ये धान एका बाजूने टाकलं की दुसऱ्या बाजूला भुशाचा ढीग आपोआप लागतो, त्यासाठी वेगळा माणूस ठेवावा लागत नाही. किश्शांचंही तसंच. चार घरची माणसं आठवड्यातून एकदा एकाच बाकावर बसली की ढीग लागणारच! आमचा बाक होता गोंदियातल्या एका लहान मुलांच्या डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात. दर मंगळवारी दुपारी चार वाजता आम्ही आईबाप आपापली पोरं तिथे वजन करायला आणायचो. कमी वजनाची नव्हे हो, जास्त वजनाची!

मी मिलमध्ये सुपरवायझर. माझी मुलगी अनू, वय अकरा, सहावीत. एक जिना चढला तरी तिला धाप लागायची, म्हणून मॅडमना दाखवलं. त्यांनी रक्त तपासायला लावलं आणि रिपोर्ट बघून म्हणाल्या, "शुगर अजून झालेली नाही, पण उंबऱ्यावर उभी आहे. लिव्हरवरही चरबी आहे. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू. तोवर वजन आवरलं तर ठीक, नाहीतर औषधं सुरू करावी लागतील."

अकरा वर्षांच्या पोरीला शुगर! आमच्याकडे गोबऱ्या पोराला बघून लोक "खात्यापित्या घरचं दिसते" म्हणतात आणि आपण खूश होतो. मीही अकरा वर्षं खूशच होतो. त्या दिवशी मात्र मी दवाखान्याच्या पायरीवर बसून मिलला फोन केला आणि आज येत नाही म्हणून सांगितलं.

*

त्याच दिवशी आत आणखी एक गोष्ट झाली होती. मॅडमनी अनूची वेणी बाजूला करून मान पाहिली. मानेवर काळा पट्टा होता. माझी बायको सविता शरमेनं अर्धी झाली.

"मॅडम, रोज घासून देतो जी! लिंबू लावलं, बेसन लावलं, पाय घासाच्या वजरीनं घासलं. हे पोट्टी नीट आंघोळच नाई करत."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ताई, हा मळ नाहीये. वजनामुळे शरीरात इन्सुलिन वाढतं, त्यानं मान अशी काळी पडते. घासून निघणार नाही. वजन उतरलं की हळूहळू तीही उजळेल."

त्या मानेवर घासून घासून सालपटं निघाली होती. बाहेर आल्यावर तिनं अनूला जवळ ओढलं. "माहं चुकलं व बाई."

अनूनं तिच्याकडे बघत विचारलं, "आई, म्हणजे मी घाणेरडी नाही?"

मॅडमचे उपकार मोजायचे तर मी तिथूनच मोजायला सुरुवात करतो. घरी आल्यावर सवितानं ती वजरी नालीत फेकून दिली.

*

पण काट्यावर उभं राहायला अनू तयारच नव्हती! शाळेत एकदा सगळ्यांचं वजन केलं, तेव्हा तिचा आकडा मोठ्यानं वाचला होता आणि वर्ग हसला होता. तेव्हापासून काटा दिसला की हिची लघवीला जायची वेळ व्हायची.

दुसऱ्या मंगळवारी मॅडमनी जाहीर केलं, "आजपासून पोरांचं वजन नंतर. आधी आईबाप!"

पहिला नंबर लागला मिठाईवाल्या भैयाजींचा. त्यांचं मार्केटमध्ये दुकान आहे आणि त्यांचा मुलगा कुणाल अनूच्याच वयाचा. भैयाजींनी चपला काढल्या. मग बेल्ट. मग खिशातला मोबाईल, चाव्यांचा जुडगा, घड्याळ. मग बोटातल्या चारही अंगठ्या. मग त्यांनी शर्टाच्या बटणाला हात घातला.

"भैयाजी, कपडे राहू द्या!" मॅडम ओरडल्या.

भैयाजी पोट आत ओढून काट्यावर चढले. जुना, सुईचा काटा होता. सुई गेली ती गेलीच! भैयाजींनी वरूनच विचारलं, "मॅडम, साँस भी छोड दूँ क्या?"

अनू खदखदून हसली. दवाखान्यात ती पहिल्यांदा हसली होती. माझा नंबर झाल्यावर (माझं काय झालं ते विचारू नका!) तिनं आपणहून सँडल काढले आणि काट्यावर उभी राहिली. मॅडमनी आकडा वाचला नाही, नुसता लिहून घेतला.

*

एका रविवारी मी अनूला मिलमध्ये घेऊन गेलो. आमच्याकडे मंगरूभाऊ नावाचे हमाल आहेत. वय पंचावन्नच्या पुढे, अंगावर चिमटीत धरायला मांस नाही, पण दुपारच्या डब्यात गंजभर, म्हणजे पातेलंभर, भात! अनू तो डबा बघतच राहिली.

"मंगरूभाऊ, तुम्ही एवढा भात खाता, मग तुम्ही जाड काऊन नाही?"

मंगरूभाऊ घास गिळून म्हणाले, "बाई, मी भात खातो अन् पोते उचलतो. तू भात खाऊन काय उचलते?"

अनूनं प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितलं, "मोबाईल!"

सगळी मिल हसली. मीही हसलो, पण तो मोबाईल तिच्या हातात दिला होता कोणी? मीच. जेवताना कटकट नको म्हणून. शाळा दहा मिनिटांच्या चालीवर, तरी ऑटो लावला होता कोणी? मीच. शाळा सुटली की ट्यूशन, ट्यूशन सुटली की चिप्सचा पुडा, हे टाइमटेबलही माझंच. मंगरूभाऊ मला एक शब्दही बोलले नाहीत, तरी त्यांनी सगळं सांगून टाकलं. सोमवारपासून ऑटो बंद केला आणि बापलेक शाळेपर्यंत पायी जाऊ लागलो. पहिल्या आठवड्यात धाप अनूपेक्षा मलाच जास्त लागायची.

*

आता आमच्या मायचा किस्सा. माय म्हणजे माझी आई, माहेर बोदलकसाच्या बाजूचं, वय बहात्तर, आणि स्वयंपाकघराची मालकीण. मॅडमनी सांगितलं होतं, भात दिवसातून एकदाच, एक वाटी. आम्ही पाळलं. तरी दोन मंगळवार अनूचं वजन वरच! मॅडम म्हणाल्या, आजींना घेऊन या.

"आजी, खरं सांगा, भात किती देता?"

"एकच वाटी. पोट्टीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो!"

"बरं. सकाळी काय खाते?"

"पोहे."

"शाळेतून आल्यावर?"

"मुरमुरे. फोडणीचे."

"संध्याकाळी?"

"तांदराच्या पिठाचा चिला. दोन." मायनं माझ्याकडे पाहिलं. "तीन."

"आणि रात्री?"

"रात्री एक वाटी भात. तुमीच त सांगितलं!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आजी, पोहे कशाचे असतात? मुरमुरे कशाचे? चिला कशाचा?"

मायनं बराच विचार केला. "धानाचेच होत," ती म्हणाली, "पन भात त नाई ना!"

बाक हसून हसून वाकडा झाला. घरी जाताना मात्र माय रिक्षात म्हणाली, "आमच्या लहानपनी नवा धान निघाच्या आंधी चुलीवर नुसतं पानी उकरत राहे. पोट्ट्यायले वाटे भात शिजून राहिला, अन् वाट पाहता पाहता झोपून जात. माह्या घरात पोट्टं 'पुरे' म्हनते, त मले भेव वाटते, बाबू."

आम्हा पाच भावंडांना तिनं एक दिवस उपाशी झोपू दिलं नव्हतं. तिला आता कोणत्या तोंडानं सांगायचं, की वाढू नकोस?

*

मिठाईवाल्या भैयाजींचा आणखी एक. कुणालचं वजन दोन किलो उतरलं. पुढच्या मंगळवारी भैयाजी हजर, हातात पेढ्यांचा मोठा डबा! "खुशी की बात है, मॅडम! सबका मुँह मीठा!"

दहा पोरांचे वीस डोळे डब्यावर. मॅडमनी डबा उचलून कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. "भैयाजी, अशा दोन खुशखबरी आणल्या, तर कुणाल होता तिथे परत!"

भैयाजी फार ओशाळले. पुढच्या मंगळवारी ते पुन्हा डबा घेऊनच आले. गुलाबी रिबन बांधलेला! मॅडमच्या कपाळावर आठ्या. रिबन सोडली, तर आत तळ्यातले शिंगाडे, उकडून, सोलून ओळीत लावलेले, आणि प्रत्येकावर चांदीचा वर्ख!

"क्या करूँ मॅडम," भैयाजी म्हणाले, "बिना वरक के हाथ ही नहीं चलता!"

त्या दिवशी सगळी पोरं चंदेरी ओठांनी घरी गेली.

*

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आमच्या बाकावरचा रूपेश आला, तर एवढा बारीक की कोणी त्याला ओळखेचना! रूपेशचे आईवडील गोंदियात नोकरीला, आजोबा आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या बाजूला जंगलाला लागून राहतात. सुट्टीभर आजोबांनी त्याला गावी ठेवून घेतलं होतं. त्या मंगळवारी तेच त्याला घेऊन आले.

मॅडमनी वही उघडली. "आजोबा, हा रोज किती चालायचा?"

"ते बकरीले विचारा."

"म्हणजे?"

"याले एक बकरी देल्ली होती चाराले. ते थांबली का हा थांबे." आजोबांनी तंबाखू चोळली, मग दवाखाना आहे हे आठवून खिशात ठेवली. "अन् ते काही थांबत नाई."

मॅडमनी व्यायामाच्या रकान्यात खरंच 'बकरी' असं लिहिलं. भैयाजी मागून अगदी गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, शहर में किराये पे मिलेगी क्या?"

*

सहा महिने झाले, तपासणी झाली. निकाल आधीच सांगून टाकतो: अनूची साखर उंबऱ्यावरून मागे सरकली. मॅडमनी रिपोर्ट वाचला, तेव्हा मी आणि सविता दोघंही रडलो. भैयाजींनी मला मिठी मारली. त्या बाकावरच्या प्रत्येक माणसाचे पाय धरावेत असं मला वाटलं. काही वजन अजून उतरायचं आहे, मंगळवार अजून चालू आहेत. पण मला विचाराल, तर आमचा निकाल आठ दिवस आधीच लागला होता, मायच्या माहेरी, एका लग्नाच्या पंगतीत.

आमच्याकडच्या पंगतीत 'नको' या शब्दाला काही अर्थ नसतो. पहिलं 'नको' म्हणजे लाज, दुसरं 'नको' म्हणजे अजून वाढा. खरोखरच नको असेल तर दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरायचे. तरी वाढणारा बोटांच्या फटीतून वाढून जातो आणि सगळी पंगत हसते. पाहुण्याचं पोट दुखेपर्यंत वाढलं नाही, तर लग्न झालं असं कोणी मानत नाही.

अनूला तर सगळे नातेवाईक नावानिशी वाढायचे. "हे आमची खानारी पोट्टी!" म्हणायचे. ती मान खाली घालून खायची. आजवर तिनं कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी ती माझ्या आणि मायच्या मधे बसली होती. एकदा भात घेतला, वरण घेतलं, उडदाचा एक तळलेला बडा खाल्ला. मग गोपीभाऊ आले. गोपीभाऊ म्हणजे मायचा भाचा आणि खुद्द नवरदेवाचा बाप. हातात वाफाळत्या भाताची परात.

"काऊन व अनू, अशी वारून काडी कायले झाली? बाप उपाशी ठेवून रायला का तुले?"

"नको काका," अनू म्हणाली. "माझं झालं."

"झालं कसं? आता त सुरू झालं!"

"काका, खरंच नको." या वेळी ती जरा मोठ्यानं बोलली. आजूबाजूच्या चार पत्रावळींवरचे हात थांबले.

तेवढ्यात मायनं आपली पत्रावळ बाजूला सारली आणि दोन्ही हात अनूच्या पत्रावळीवर पसरून धरले.

"आत्या, हात काढ," गोपीभाऊ हसत म्हणाले. "पोट्टीले वाढू दे."

गोपीभाऊंना वाटलं, पंगतीतली नेहमीची गंमत. त्यांनी ताटलीभर भात घेतला आणि रिवाजाप्रमाणे वरून ओतला. बोटांत फट नव्हती. सगळा कढत भात मायच्या हातांवर पडला.

गोपीभाऊंच्या हातातली ताटली तशीच राहिली. "आत्या! अवो, हात पोरला असन!"

मायनं हात हलवले नाहीत. भाताची वाफ तिच्या तोंडावर येत होती. ती मान वर करून गोपीभाऊंना म्हणाली,

"झालं तुह्यं वाढून? आता मोरं जा."