गाण्यातून कापलेला मिलूद

झूलिखाला त्या वेबसाइटशी काडीचं देणंघेणं नव्हतं. समुद्रकाठच्या ओरान शहरात उभा जन्म दुसऱ्यांच्या मुलींचे लग्नाचे झगे शिवण्यात गेलेला, वय चौसष्ट. असल्या बाईला गाण्यांची वेबसाइट वापरता येते की नाही, हे तपासून कुणाचं काय भलं होणार होतं? पण शेजारी नव्यानेच राहायला आलेली इब्तिसाम म्हणाली, "मावशी, आमच्या कंपनीला वेबसाइट वापरून बघायला तुमच्या वयाची माणसं हवीत. लग्नातल्या जुन्या कॅसेटी चढवल्यात तिच्यावर आम्ही." झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ठेवणीतली ओढणी घेऊन हजर.

कारण एकच, मिलूद. तिचा नवरा लग्नांतून पुकारा करायचा. पाहुण्याने हातात नोट ठेवली की गाणं मध्येच थांबवायचं, त्याचा सलाम ज्याचा त्याला खड्या आवाजात पोचवायचा, मग गाणं पुढे. नाव झालं ते गायकाचं, याचं कुठल्याही कॅसेटीवर नाव नाही. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. घरातल्या कॅसेटी समुद्राच्या दमट हवेने खाल्ल्या. चेहऱ्याचं ठीक आहे, भिंतीवर फोटो आहे. पण आवाज? गेल्या वर्षभरात तो तिला आठवेनासाच झाला होता. शिवता शिवता मशीन थांबवून ती आठवून बघायची आणि काही म्हणता काही हाती लागायचं नाही. याची तिला लाज वाटायची आणि रडूही यायचं.

"आवडीचं एक गाणं शोधा आणि लावा," इब्तिसाम म्हणाली. "मी मदत करायची नाही, तसा नियम आहे. तुम्ही मात्र मनात येईल ते मोठ्याने बोला."

"म्हणजे मी बुडत असले तरी तू काठावर बसून लिहून घेणार."

"अगदी तसंच, मावशी."

झूलिखाने एका बोटाने 'मिलूद' लिहिलं. काही नाही. मग 'बेनहद्दूंचं लग्न' लिहिलं. तरी काही नाही.

"गायकाचं नाव टाकतात हो," इब्तिसामला राहवलं नाही.

"मोडलास ना नियम? आम्ही बाई कुणाच्या लग्नातलं गाणं तेच सांगत आलो. गायक काय, आज या मांडवात, उद्या त्या."

पण टाकलं तिने त्या लग्नात गायलेल्या लझरगचं नाव. आणि खालची गाणी एकेक लावता लावता बेनहद्दूंच्या लग्नातलं ते गाणं निघालं की! ते तिला पाठ होतं. पहिलं कडवं संपलं की मिलूद येतो. तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं. कडवं संपलं, आणि लगेच दुसरं सुरू झालं.

"अगं, हा कुठे गेला?"

"कोण? तो आरडाओरडा होय? मागच्या तपासणीत सगळे तिथेच गाणं पुढे पळवत होते. म्हणून कापला आम्ही."

"आरडाओरडा कसला, पोरी. नवरा आहे तो माझा."

इब्तिसामचं पेन थांबलं. तिने दुसरी एक फाइल उघडली. सगळ्या कॅसेटींतून कापलेले तुकडे तिने एकापुढे एक जोडून ठेवले होते. गाणं नाहीच, नुसतेच सलाम. बंदरावरच्या हमालांना, नवऱ्यामुलाच्या मामांना, परदेशी गेलेल्या भावांना.

झूलिखाने कान देऊन ऐकलं. मग मान हलवली. "हा नव्हे तो."

आवाज भरदार होता, मस्तीत होता. तिच्या मनात उरला होता तो शेवटच्या दुखण्यातला मिलूद, खोकणारा, पाणी मागणारा. याची तर ओळखच पटेना. इब्तिसाम फाइल बंद करायला गेली तेवढ्यात, कुठल्याशा भलत्याच लग्नात, त्या आवाजाने चुकीचं नाव पुकारलं, थांबला आणि हसला. "माफ करा मंडळी. गुरुवारीच माझं लग्न झालंय, डोकं ठिकाणावर नाही." मांडवात हशा पिकला.

हे तिने जन्मात कधी ऐकलं नव्हतं. त्यांचं लग्न गुरुवारचंच; त्या वेळी ती नवी नवरी, त्याची वाट बघत घरात बसलेली.

"हाच का, मावशी?" इब्तिसामने हळूच विचारलं.

"हाच गं." डोळ्यांचं पाणी ओढणीने टिपत झूलिखा पडद्याकडे बघत राहिली. "पण केवढासा आहे बघ. माझ्या धाकट्या मुलाहूनही लहान. आता समोर येऊन उभा राहिला, तर मला ओळखायचा नाही."