शिकाऊ फटफटीवाल्याचा कबुलीजबाब

नोकरीत शेकडो पंचनामे लिहिले आणि बहुतेक विसरलोही. आमगाव रस्त्यावर रेल्वे फाटकाजवळ उलटलेल्या त्या बैलबंडीचा पंचनामा मात्र आजही जसाच्या तसा सांगता येईल. नावे कोणाचीच देत नाही. काही मंडळी हयात आहेत, आणि जी नाहीत त्यांची मुलेबाळे आहेत.

दुसऱ्या महायुद्धाचा, लढाईचा काळ होता. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडत असे आणि मी त्या भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. धान निघाले की खेड्यापाड्यांतून बंड्या राइस मिलकडे निघत. फाटक बंद झाले की रस्त्याच्या डाव्या कडेला त्यांची लांबच लांब रांग लागे, आणि फाटक उघडल्यावरही ती बैलांच्याच चालीने सरके. त्या रांगेतून वाट काढत पुढे जाणारी फटफटी ही तेव्हा नवलाची गोष्ट होती.

त्या दुपारी हवालदार धापा टाकत आला. "साहेब, फाटकापाशी फटफटीनं बंडी उलटवली. माणूस चाकाखाली आहे."

मी पोहोचलो तेव्हा बंडी डावीकडच्या नालीत आडवी पडली होती, धानाची पोती फुटली होती. बंडीवाल्या शेतकऱ्याची मांडी चाकाखाली चिरडली होती. त्याला फळीवर घालून दवाखान्यात पाठवले. लोकांनी फटफटीवाल्याला धरून ठेवले होते. त्याचा सदरा फाटला होता आणि ओठातून रक्त येत होते. फटफटीवर शिकाऊ परवान्याची 'एल' पाटी होती.

हा माणूस मला ओळखीचा होता. गुरांच्या दवाखान्यातला डॉक्टर, वय पंचेचाळिसाच्या आसपास. लोक त्याला ढोर डॉक्टर म्हणत. गावोगाव लस टोचायला तो घोड्यावर जाई. घोडा मेला, आणि त्याच्या जागी खात्याने ही जुनी फटफटी दिली. पंधरा दिवसांपासून तो शिकत होता.

मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "माझ्यामुळेच झालं, साहेब. लिहून घ्या."

पाठोपाठ दोन साक्षीदारही हजर झाले, दोघेही एकाच राइस मिलचे नोकर. मुनीम म्हणाला, "इसमाने फटफटी भरधाव व बेदरकारपणे हाकून बैल बुजवले." थोड्या वेळाने हमालांचा मुकादम आला. त्यानेही "भरधाव व बेदरकारपणे" हेच शब्द उच्चारले. मी पेन खाली ठेवले. खरे पाहिलेली दोन माणसे कधी एकसारखे सांगत नाहीत. एकाला आवाज आठवतो, दुसऱ्याला धूळ. आणि मुकादमाच्या तोंडी बेदरकार हा शब्द आपसूक येत नाही, कोणीतरी आणून ठेवावा लागतो.

रांगेतल्या बंडीवाल्यांना विचारले. सगळे खाली पाहू लागले. "धूळ होती जी, दिसलं नाही," एवढेच उत्तर.

फाटक किती वाजता उघडले हे टिपायला मी फाटकवाल्याकडे गेलो. छत्तीसगडकडचा हा म्हातारा हिंदीत बोले. वेळ सांगून झाल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "साहब, मोटर को तो कोई पूछ ही नहीं रहा।"

"कौन सी मोटर?"

"मिलवाले सेठ की। गेट खुलते ही उलटी बाजू से घुसी, भोंपू बजाते हुए। बंडी गिरी और मोटर निकल गई।" मग त्याने हात जोडले. "मेरा नाम मत लिखना।"

ठाण्यात आल्यावर डॉक्टरला समोर बसवले, चहा दिला आणि विचारले, "रांगेतून कसे येत होता, ते नीट सांगा."

"उजव्या अंगानं, चालत्या माणसाच्या वेगानं," तो म्हणाला. "प्रत्येक बंडीजवळ आलो की आवाज देतो, दादा, येतो हो. नजर बैलाच्या कानावर ठेवतो. कान मागं गेले की इंजिन बंद."

"आज कान मागे गेले होते?"

"फाटक उघडलं, समोरून रिकाम्या बंड्या यायला लागल्या, म्हणून मी दोन बंड्यांच्या मधल्या जागेत शिरलो. मागच्या बंडीचे बैल कान पाडून होते. मी इंजिन बंद केलं, उतरलो आणि फटफटी ढकलायला लागलो."

"म्हणजे बंडी उलटली तेव्हा तुमची फटफटी बंद होती?"

त्याने कप खाली ठेवला. मग त्याचे डोळे भरून आले. "शेटजींचा माणूस तुमच्या आधी आला होता. म्हणाला, शिकाऊ आहेस, कबूल झालास तर थोडक्यात सुटशील. नाही म्हणालास तर शेटजी वर लिहितील, नोकरी जाईल. घरी पाच जणं खाणारे आहेत, साहेब. मी कोर्टातही कबूल होईन."

"तुम्ही कबूल झालात तरी मी मानणार नाही," मी म्हणालो.

गुन्हा नाकारणारे आयुष्यभर पाहिले. न केलेला गुन्हा मला द्या म्हणणारा माणूस पहिल्यांदाच समोर बसला होता.

दवाखान्यात जखमी शेतकऱ्याची बायको खाटेजवळ बसली होती. ती त्याच बंडीत पोत्यांवर बसून आली होती. मी विचारले, "बाई, काय पाहिलं?"

"आपल्या डोऱ्यानं पायलं, साहेब. ते डॉक्टर फटफटी ढकलून राहिले होते. मागून मोटार आली, आमच्या चाकाले घासली, अन् बैल उधळले."

"हे लिहून घेऊ? अंगठा द्याल?"

"कायले नाही देणार? मिलचा मुनीम येऊन गेला आताच. म्हने, फटफटीचं नाव घे, नाही त तुमचा धान कोनतीच मिल घेनार नाही."

"मग?"

तिने नवऱ्याच्या बांधलेल्या पायाकडे पाहिले. "नाही घेत त नको घेऊ. मी घरी कांडीन. याचा पाय मोडला, आता मी आपलं तोंडबी मोडून घेऊ का?"

तिने शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर असा दाबला की शाई पाठीमागे उमटली.

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन मिलवर गेलो. मोटार धुऊन पुसून चकचकीत ठेवली होती. आदल्या दिवशी मी बंडी उभी करवून तिच्या उजव्या चाकाचा तुंबा, म्हणजे मधला लाकडी गड्डा, जमिनीपासून किती उंच येतो ते दोरीने मोजून गाठ मारून ठेवली होती. ती दोरी मोटारीच्या डाव्या अंगाला लावली. गाठ दाराच्या खालच्या बिजागरीवर आली. बिजागरीच्या फटीत काळे काहीतरी अडकले होते.

ड्रायव्हर म्हणाला, "ग्रीस आहे, साहेब."

मी ते बोटांत चोळले. करकर लागले. बंडीवाले तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, जाळून त्याची राख तेलात खलतात आणि ते ओंगण चाकाला घालतात. मी बोट त्याच्यापुढे धरले. "मोटारीच्या ग्रीसमध्ये राख कुठून आली रे?"

त्याचा चेहरा उतरला. "मी चालवत नव्हतो, साहेब. शेटजी चालवत होते. आठ दिवस झाले, शिकून राहिले आहेत. मी म्हटलं थांबा, फाटकातून बंड्या येऊन राहिल्या. ऐकलं नाही."

"परवाना? पाटी?"

"त्यांना कोण विचारणार?"

रस्त्यावर त्या दिवशी दोन शिकाऊ होते. एक पाटी लावून, बैलाचे कान बघत, खाली उतरून गाडी ढकलणारा. दुसरा पाटीही न लावता, भोंगा वाजवत रांग कापणारा. मार पहिल्याने खाल्ला होता.

वरच्या साहेबांचे बोलावणे आले. "शेट लढाईच्या कामात सरकारला मदत करतात," ते म्हणाले. "डॉक्टर कबूल आहे ना? मग त्याच्यावर दोषारोपपत्र पाठवून मोकळे व्हा."

"साहेब, त्याच्यावर पाठवायला माझ्याकडे पुरावा नाही."

"कबुली आहे."

"भीतीनं दिलेली आहे. पुरावा शेटजींवर आहे."

"मी हुकूम देतो आहे."

"मग तो लेखी द्यावा. मी फाइलला लावीन."

साहेबांनी मला जायला सांगितले. लेखी हुकूम आला नाही. परत येऊन मी स्वतःच्या हाताने शेटजींवर दोषारोपपत्र लिहिले आणि कोर्टात नेऊन दिले. चौथ्या दिवशी माझ्या बदलीचा कागद आला. जंगलपट्टीतले ठाणे, जिथे पावसाळ्यात चार महिने टपालही वेळेवर येत नसे. मी सामान बांधले, आणि साक्षीच्या तारखेला तिथून बैलगाडीने आणि पुढे रेल्वेने कोर्टात हजर झालो.

शेटजींच्या वकिलाने त्या बाईला विचारले, "तुला मोटार आणि फटफटीतला फरक कळतो का?"

ती म्हणाली, "फटफटीवाला थांबला होता, मोटारवाला थांबला नाही. एवढा फरक मले कळते."

कोर्टात हशा झाला नाही. मागे बसलेले बंडीवाले उठून उभे राहिले. खाली पाहणाऱ्यांपैकी तिघांनी त्याच दिवशी साक्ष दिली. शेटजींना शिक्षा झाली. मोठी नव्हे, पण निकालात त्यांचे नाव लिहिले गेले. शेतकऱ्याचा पाय वाचला, तो लंगडत राहिला. त्या वर्षी त्यांचे धान खरेच कोणी घेतले नाही. बाईने ते घरी कांडले आणि आमगावच्या बाजारात स्वतः विकले. डॉक्टरची नोकरी टिकली, पुढे परीक्षा देऊन त्याने पक्का परवानाही घेतला.

या प्रकरणाने मला एक शिकवले. ज्याला दोषी ठरवणे सोपे असते, त्याच्यावरच सगळ्यांचे बोट आधी जाते. तपास करणाऱ्याने तिथेच थांबायचे नसते. शिकाऊ माणूस घाबरलेला असतो, त्याच्या गाडीवर पाटी असते, तो पळून जात नाही. म्हणून तो सापडतो. सापडणे आणि गुन्हेगार असणे या दोन गोष्टी मी पुन्हा कधी एक मानल्या नाहीत.

निवृत्त होताना कारकुनाने माझे सेवापुस्तक दाखवले. त्या वर्षाच्या पानावर शेरा होता, 'हट्टी. वरिष्ठांचे ऐकत नाही.' भला माणूस होता तो. म्हणाला, "साहेब, अर्ज करा, हा शेरा काढून घेता येईल."

मी म्हणालो, "राहू द्या. सबंध पुस्तकात तेवढंच एक वाक्य मी कमावलेलं आहे."