पुनमचंदांनी लिहून ठेवलं होतं

सकाळी सव्वाअकराला मंचरच्या दवाखान्यातून नवऱ्याचा, हितेशचा फोन आला, तेव्हा खुशबू घोडेगावच्या घरात सासऱ्यांचं अंथरूण आवरत होती. त्यांना गाडीत घालून नेल्याला दोन तासही झाले नव्हते.

"बाबूजींचं आतडं हर्नियात अडकलंय," हितेश म्हणाला. "लगेच ऑपरेशन करायचंय. पण भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम विचारतायत, मागच्या ऑपरेशनला त्यांना कुठलं औषध बाधलं होतं?"

खुशबूने फोन स्पीकरवर टाकला. सासूबाई मोहनबाई खिडकीशी माळ घेऊन बसल्या होत्या.

"बाधलं होतं खरं," त्या म्हणाल्या. "रात्रभर काचेच्या खोलीत ठेवलं होतं, मला आत सोडलं नाही. नाव कोण सांगतंय मला!"

"भुलीचं होतं, अँटिबायोटिक होतं, की दुखायचं थांबवणारं इंजेक्शन? त्यावर सगळं ठरतं म्हणतात. नुसत्या अंदाजाने किती औषधं टाळायची? आणि थांबताही येत नाही. साडेबाराला आत घेणार." हितेशचा आवाज खाली आला. "बाबूजी अर्धवट ग्लानीत आहेत. एवढंच म्हणाले, लिहून ठेवलंय. कॉम्प्युटरमध्ये."

ते ऑपरेशन सोळा वर्षांपूर्वीचं, पुण्यातलं. तो दवाखाना कधीच बंद पडला होता. हितेश तेव्हा दुकानाच्या खरेदीला सुरतेत होता. त्याला नुसतं 'सगळं ठीक आहे' असं कळवलं होतं. कागदांचं विचारलं तेव्हा मोहनबाईंनी मान खाली घातली. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत गेले होते. बाबूजींनी, म्हणजे पुनमचंदांनीच सांगितलं होतं, आता कागद कशाला, सगळं आत आहे.

म्हणून खुशबू कॉम्प्युटरच्या टेबलासमोर बसली. लग्न होऊन पंधरा वर्षं झाली, पण त्या खुर्चीवर ती आजवर बसली नव्हती.

पुनमचंद शेठ छप्पन्नाव्या वर्षी टायपिंग शिकले. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. एसटी स्टँडजवळ गोरख नावाच्या माणसाचा टायपिंग क्लास होता. शेठ तिथे रोज सकाळी सात ते आठ, बारावीच्या मुलींच्या शेजारी बसून एका एका बोटाला बटण शिकवायचे. मुली तोंडाला ओढणी लावून हसायच्या. सहा महिन्यांनी हसणं थांबलं, कारण शेठ त्यांच्यापेक्षा वेगाने टाइप करू लागले. मग घरात कॉम्प्युटर आला. दुकानाला जायच्या आधी एक तास ते टाइप करत. चातुर्मासात जैन मुनी महाराजसाहेबांनी व्याख्यानात काय सांगितलं, कुणाच्या घरच्या लग्नाचा बस्ता कसा फाडला, नातेवाइकांना पाठवलेली पत्रं. काम झालं की मॉनिटरवर धुतलेला पंचा टाकायचे. मशीन तीनदा बदललं, प्रत्येक वेळी हितेशला एकच ताकीद असे, "माझं एकही पान मागे राहता कामा नये."

सुनेशी ते फारसं बोलत नसत. घरची रीतच तशी होती. काही हवं असलं की नात रिंकूला सांगत, "मम्मीला म्हण, चहा." खुशबूही रिंकूकरवीच उत्तर देई.

आज तिने पंचा बाजूला केला आणि त्यांचं फोल्डर उघडलं. फायली नऊशेच्या वर होत्या. नावं सगळी तिथींची, इंग्रजी अक्षरांत: कार्तिक पंचमी, चैत्र अष्टमी. आत काय आहे त्याचा बाहेर मागमूस नाही. एकेक उघडून वाचायला दोन दिवस लागले असते.

तिने शोधायच्या चौकटीत 'ऑपरेशन' टाइप केलं. वरची हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकली. काहीही सापडलं नाही. 'ॲलर्जी'. नाही. 'दवाखाना'. नाही. 'भूल' लिहिताना बोट दोनदा चुकलं. तेही नाही.

"मिळालं का गं बिंदणी?" मोहनबाईंनी विचारलं. त्या सुनेला अजून नव्या नवरीसारखीच हाक मारायच्या.

"नाही, बाई."

शोधच बिघडलाय की काय, म्हणून तिने इंग्रजीत 'कार्तिक' टाकलं. साठ फायली झटक्यात समोर आल्या. म्हणजे नावं सापडतात, आतलं सापडत नाही. सेटिंगमध्ये जाऊन 'फायलींच्या आतला मजकूरही शोधा' यावर तिने खूण केली. मग परत 'ऑपरेशन'. पुन्हा शून्य.

अकरा चाळीस.

तिने सहज हाताला लागली ती फाइल उघडली. स्वच्छ मराठी. "महाळुंगे पडवळची मंडळी आली. नवरीला एकही साडी पसंत पडेना. शेवटी तिच्या आजीने निवडली तीच घेतली." खुशबूने बाहेर येऊन 'साडी' शोधलं. हीच फाइल यायला हवी होती. आली नाही. फाइलच्या आत जाऊन शोधलं, तरी कॉम्प्युटर म्हणाला, असा शब्द इथे नाही. आणि शब्द तर डोळ्यांसमोर होता, दुसऱ्याच ओळीत.

समोर बसलेल्या माणसाने तोंडावर सांगावं, मी इथे नाहीच, तसं ते होतं. तिने तो 'साडी' शब्द फाइलमधून उचलला आणि जसाच्या तसा शोधाच्या चौकटीत चिकटवला. तिथे पडताच तो बदलला. मराठी गेली, इंग्रजीतली चार अक्षरं उरली. एल, के, एम, एच. अर्थ काहीच नाही. तिने एंटर दाबलं.

महाळुंगे पडवळची फाइल आली.

बाबूजींना ही बटणं ज्याने शिकवली, त्यालाच हे ठाऊक असणार, खुशबूला वाटलं. मग तिने टेलिफोनच्या शेजारची पुनमचंदांची जुनी डायरी ओढली आणि 'ग'चं पान काढलं.

टेलिफोनवरून लावलेली पहिली रिंग वाजून वाजून बंद पडली. दुसऱ्यांदा उचलला.

"कोण? शेठजींची सूनबाई?" गोरखचा आवाज मोकळ्या रानातला होता. क्लास बंद करून तो शिनोलीला शेती बघत होता. "शेठजी बरे हायेत ना?"

तिने चार वाक्यांत सांगितलं. पलीकडे खुरपं खाली टाकल्याचा आवाज आला.

"ताई, ते मराठी न्हाईच," तो म्हणाला. "आत समदी इंग्रजी अक्षरं हायेत. वरनं त्या फॉन्टचा मराठी अंगरखा घातलाय. माणसाला मराठी दिसतं, मशिनला इंग्रजी. तवा आमी तसंच शिकवायचो, दुसरं व्हतंच काय? तुमी आताच्या मोबाइलवानी मराठी लिहून शोधताय, ते निराळं. ती दोघं एकमेकांना वळखत न्हाईत."

"मग कसं शोधू?"

"जुन्या बटणांनी. कुठला शब्द पायजे?"

"ऑपरेशन."

"थांबा... तोंडानं न्हाई यायचं. बोटांना ठावं हाये ते." फोनमधून पत्र्यावर बोटं आपटल्याचा आवाज येऊ लागला. बहुधा पाण्याच्या टाकीचं झाकण असावं. गोरख एकेक बटण आठवत होता, एकेक अक्षर सांगत होता, आणि खुशबू ते अर्थहीन कडबोळं चौकटीत जुळवत होती. एकदा तो चुकला, "न्हाई न्हाई, मधलं पुसा," म्हणाला. अकरा पंचावन्न.

हिरवी पट्टी सरकली. एक फाइल आली. खुशबूने ती उघडून मोठ्याने वाचली.

"लोणीचे भिमाजी आले. बैलाच्या शिंगाचं ऑपरेशन झालं. टॉवेल दोन नेले."

"बैलाचं लिहिलं!" मोहनबाईंचा आवाज फाटला. "गिऱ्हाइकाच्या बैलाचं लिहिलं, आणि स्वतःचं लिहायला हात मोडले का यांचे?"

सासूबाईंच्या बोलण्यातलं काहीतरी खुशबूच्या मनात अडकून राहिलं. बैलाचं लिहिलं, स्वतःचं नाही. बरोबरच होतं. या घरात तसं बोलायचंच नसतं. रात्री दुकान बंद केलं असं बाबूजी कधी म्हणत नाहीत. दुकान मंगल केलं, म्हणतात. दिवा विझवला म्हणत नाहीत. पहिल्या वर्षी ती एकदा 'बाबूजींना ताप आहे' म्हणाली, तेव्हा रिंकूचा जन्म झाला नव्हता, म्हणून त्यांनी दाराआडून थेट तिच्याशीच बोलायचं धाडस केलं होतं: "ताप म्हणू नये, बेटा. आज साता कमी आहे, म्हणावं." जैनांच्या घरात एकमेकांना साता विचारतात, म्हणजे सुख आहे ना, बरं आहे ना. पुनमचंदांनी घरातल्या कुठल्याच दुखण्याला दुसरं नाव दिलं नव्हतं. आणि ती पाऊण तास दवाखान्याचे शब्द घेऊन त्यांना शोधत होती.

"गोरखभाऊ, 'साता' कसं लिहायचं?"

"साता? ते काय असतंय?"

"मग सांगते. बटणं सांगा."

पत्र्यावर चार टिचक्या. "एल. के. आर. के. लई सोपं."

पट्टी निघाली. अर्ध्यावर थांबली. खुशबूने माउसवरचा हात उचलला, जणू तिच्या हाताचं ओझं त्या पट्टीला झालं होतं. पट्टी पुन्हा चालू लागली. तेवीस फायली. तिने त्या तारखेप्रमाणे लावल्या. ऑपरेशनच्या वर्षीच्या, म्हणजे दोन हजार आठच्या दोनच होत्या. पहिलीत मोहनबाईंच्या गुडघ्याची साता होती. दुसरी भाद्रपदातली.

"श्री. पुण्याहून घरी आलो. आता साता आहे. तिथल्या डॉक्टरांनी सक्सिनिलकोलिन नावाचं औषध दिलं होतं, ते माझ्या अंगाला चालत नाही. श्वास सात तास आपला आपण आला नाही. यंत्रावर ठेवावं लागलं. पुढे कधी गरज पडली तर हे नाव डॉक्टरांना पहिल्यांदा सांगावं."

बारा अठरा. हितेशचा फोन व्यस्त लागला. पुन्हा व्यस्त. मोहनबाईंनी माळ डोळ्यांना लावली होती. तिसऱ्यांदा त्याने उचलला.

"मॅडमना द्या," खुशबू म्हणाली. "आधी त्यांना द्या."

तिने ते नाव तोडून तोडून वाचलं, सक्-सि-निल-को-लिन. पलीकडच्या बाईंनी पुन्हा वाचायला लावलं.

"श्वास किती वेळ नव्हता, लिहिलंय?"

"सात तास."

"बरं झालं वेळेत सांगितलंत," डॉक्टर म्हणाल्या. "अशा ऑपरेशनला सुरुवातीला आम्ही तेच देतो. आता दुसरं देऊ." फोन बंद झाला.

गोरख टेलिफोनवर अजून थांबलेला होता. "घावलं का, ताई?" घावलं म्हटल्यावर त्याने नाक ओढलं. "आमचा सगळ्यात म्हातारा विद्यार्थी," म्हणाला, आणि संध्याकाळी दवाखान्यात येतो म्हणाला.

मग खुशबूच्या लक्षात आलं, की पान तिथे संपलेलं नाही.

"डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून येतं. हितेश, प्रितम दोघा भावांची तपासणी करून घ्या. पुढे त्यांच्या मुलांचीही. पण सध्या सांगत नाही. हितेशच्या सोयरिकीचं बोलणं चालू आहे. मुलगी चांगली आहे. घरात दोष आहे म्हणून माणसं मागे सरतील. लग्न झालं की सांगेन."

त्या भाद्रपदात हितेशची एकच सोयरीक चालू होती. तिची.

"काय लिहिलंय अजून?" मोहनबाईंनी विचारलं.

खुशबूने वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीपर्यंत, आवाज न बदलता. मोहनबाई उठून तिच्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"मला हे ठाऊक नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "देवाची शपथ नाही घालत, पण खरंच नव्हतं. तुला राग आलाय?"

"आत्ता नाही, बाई. आधी ते बाहेर येऊ देत."

दुपार सरकत नव्हती. शेजारणीने आणलेला चहा दोघींपुढे गार झाला. चाळिशीच्या आतल्या आपल्या नवऱ्याचं अपेंडिक्सचं दुखणं खुशबूला आठवलं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, कापावं लागेल. मग गोळ्यांवर निभावलं. निभावलं नसतं तर त्यालाही टेबलावर घेतलं असतं, तेच औषध दिलं असतं, आणि सांगायला कुणाच्या तोंडात काही नसतं. तिने पदराने हात पुसले. ते ओले नव्हते.

साडेतीनला हितेशचा फोन आला. तो रडत होता, म्हणून सुरुवातीला काही कळेना.

"जागे झाले. नळी काढली. श्वास आपला आपण घेतायत. मला ओळखलं त्यांनी." मग सावरून म्हणाला, "मॅडम म्हणतायत, हे घराण्यात असतं. कुणाची तपासणी झालीय का? बाबूजींनी काही लिहिलंय का?"

खुशबूने मोहनबाईंकडे पाहिलं. त्या पडद्याकडे बघत होत्या, शेवटच्या तीन ओळींकडे.

"लिहिलंय," ती म्हणाली. "तुमची, प्रितमभाऊंची आणि मुलांची तपासणी करायला सांगितलंय. उद्या तुमचं रक्त द्या. मी रिंकूला घेऊन येते. प्रितमभाऊंना आजच फोन करा, टाळू नका."

"मग आम्हाला सांगितलं का नाही त्यांनी?"

"ते घरी आले की त्यांनाच विचारा. मलाही विचारायचं आहे."

फोन ठेवल्यावर मोहनबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो दूर सारावासा तिला वाटला, पण तिने तसं केलं नाही.

चार वाजता रिंकू शाळेतून आली. दप्तर खाली टाकायच्या आधीच तिने विचारलं, "आजोबा?"

"बरे आहेत. उद्या आपण मंचरला जाणार आहोत. तुझं थोडं रक्त तपासायचंय."

"माझं? मला काय झालंय?"

आईने कॉम्प्युटरसमोरची खुर्ची तिच्यासाठी मागे ओढली.

"काही झालेलं नाही," खुशबू म्हणाली. "बस इथे. सगळं सांगते."