गालावरचा तीळ

गल्लीच्या तोंडाशी फोटोचं दुकान चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे भिंगकाका म्हणत. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग कायम. बायको म्हणायची, "ताटात काय वाढलंय तेही ह्यांना भिंगातूनच बघायचं असतं!"

पस्तीस वर्षं त्यांनी लोकांची गेलेली माणसं दुरुस्त केली होती. आधी टोकदार पेन्सिलीने, मग संगणकावर. फोटो फारच पुसट असला, तर घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवायचे. नाक कसं होतं, हनुवटी कशी, विचारत विचारत चेहरा उभा करायचे. आधी विचारायचं, मग दाखवायचं. हा क्रम त्यांनी कधी मोडला नव्हता.

दवाखान्यातल्या सिस्टरच्या वेळी मोडला.

सिस्टर आठ महिन्यांची असताना तिची आई गेली. मागे एकच फोटो राहिला. पंधरा-वीस माणसं, आई मागच्या रांगेत, आणि नेमका कॅमेरा हललेला. चेहऱ्याच्या जागी करडा डाग. आईला पाहिलेलं माणूस आता एकच उरलं होतं, मावशी.

काकांनी फोटो स्कॅन केला. फोटो ठळक करणाऱ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती त्याच आठवड्यात आली होती. त्यांनी एक बटण दाबलं आणि डागातून एक बाई वर आली. सरळ नाक, मिटलेले ओठ, शांत डोळे. काका इतके हरखले की सिस्टर मावशीला घेऊन आत येताच त्यांनी संगणकाचा पडदा दोघींकडे फिरवला.

"अगं बाई! हीच. हीच माझी ताई!" मावशीने काचेवर बोट टेकलं. "आणि गालावरचा हा तीळ! विसरलेच होते बघ मी."

"इतकी वर्षं खोदून खोदून विचारतेय, तिळाचं कधी बोलली नाहीस!" सिस्टर हसता हसता रडत होती.

"सगळं लक्षात ठेवायला मी काय कॉम्प्युटर आहे?"

मोठी प्रत शनिवारी न्यायची ठरली.

दुपारी काकांनी दुसरं काम घेतलं. एका कारकुनाच्या निरोपसमारंभाचा फोटो, तोही हललेला. ठळक केला, तर मागच्या कोऱ्या भिंतीवर तीळ. सिस्टरच्या आईच्या फोटोत होता, अगदी त्याच जागी. त्यांनी स्कॅनरचं झाकण उघडलं. काचेवर धुळीचा एक कण चिकटला होता. तो पुसून फोटो पुन्हा स्कॅन केला. तीळ गेला.

पण खिडकीच्या पडद्याच्या चुण्यांत एक बाई उभी होती. सरळ नाक, मिटलेले ओठ.

फायलींची सरमिसळ झाली असेल, म्हणून त्यांनी सगळं बंद करून संगणक नव्याने सुरू केला. बाई होतीच. ठळकपणा निम्म्यावर आणला. ती फिकट झाली, पण हलली नाही. एकेक पर्याय बंद करत ते यादीच्या तळाशी पोचले. तिथे 'चेहरे सुधारा' या पर्यायापुढे खूण होती, नव्या आवृत्तीने आपणहून चालू केलेली. ती काढली आणि पडदा पुन्हा पडदा झाला.

म्हणजे डोळ्यांसारखं काही दिसलं की प्रोग्रॅम स्वतःच्या पदरचा चेहरा घालत होता. कारण कळलं, पण अंगावरचा काटा काही बसेना.

ती खूण काढूनच त्यांनी सिस्टरच्या आईचा फोटो पुन्हा ठळक केला. डाग जेमतेम निवळला. जबडा रुंद होता, मान कलती. तोंडाच्या जागी पांढरी रेघ. ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघींना बोलावून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले.

"मावशी, दात दिसतायत ना गं तिचे?" सिस्टर पुटपुटली. "माझ्यासारखे?"

मावशीने धूसर फोटोकडे नीट पाहिलंही नाही. "ही कोण? ताई अशी नव्हती."

काकांनी कितीतरी वर्षांनी पेन्सिल हातात घेतली. "मावशी, डोळे मिटा. काल इथे यायच्या आधी ताई कशी आठवायची, तेवढंच सांगा. नाक?"

"सरळ."

"ओठ?"

"मिटलेले. गालावर..." मावशी थांबली. डोळे उघडले तेव्हा ती घाबरलेली होती. "भाऊ, तीळ धुळीचा होता म्हणालात ना? मग मला का दिसतोय?"

मावशीने दोनदा, तीनदा डोळे मिटून पाहिलं. "चाळीस वर्षं होती हो माझ्याजवळ," ती म्हणाली. "कालपर्यंत होती."

सिस्टरने डोळे पुसले. धूसर फोटोकडे बोट करून म्हणाली, "काका, हाच छापा. आणि ती दुसरी पुसून टाका. आत्ता, माझ्यासमोर."

काकांचं बोट बटणावर गेलं. मावशीने त्यांचं मनगट धरलं. तिचा हात थंडगार होता.

"तिला राहू द्या," ती म्हणाली. "मला आता तीच उरलीय."