पहिली पंगत

आग्रह करकरून माणसांना अजीर्ण करवण्यात आमच्या मोठ्या मामांचा हात धरणारा अख्ख्या घाटंजी तालुक्यात कोणी नाही. लग्न कुणाचंही असो, वरणाची बादली मामांकडे. ‘नको’ म्हणणाऱ्याला दोन ओगराळी जास्त. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या काकांना एवढं वाढलं, की त्यांना दोघांनी धरून उठवावं लागलं. स्वतः मामा मात्र शेवटच्या पंगतीला, आचाऱ्यांबरोबर, बादलीच्या तळाचं गार वरण घेऊन. घरीही तसंच. दारावरून जाणाऱ्याला आत ओढून जेवू घातल्याशिवाय हे पाटावर बसायचे नाहीत. मूत्रपिंडं निकामी झाली, यवतमाळला डायलिसिस सुरू झालं, तरी खोड जाईना. अंगात सुया खुपसलेल्या असताना नर्सला म्हणायचे, “सिस्टरबाई, सकाळपासून काही खाल्लं नसन तुमी. डबा आनला हाय, खाऊन घ्या.”

मग उजव्या कोपरावर गाठ आली आणि पेरूएवढी झाली. हात सरळ होईना, ओगराळं पत्रावळीपर्यंत पोचेना. “बादल्या उचलू उचलू हाड वाढलं,” असं मामांनी परस्पर ठरवून टाकलं. डॉक्टरांनी फोटो काढला. हाड वाढलं नव्हतं. रक्तात साचलेलं फॉस्फरस कॅल्शियमला धरून मांसात चुन्यासारखं घट्ट बसत होतं.

“जेवणासोबतची गोळी घेता ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“बाराच्या ठोक्याले. एक दिवस चुकली नाही!” मामा ऐटीत म्हणाले.

“गोळी बाराले, अन् जेवन दुपार कलल्यावर,” मामी मागून म्हणाल्या. “गावाले वाढल्याबिगर हे बसतेत काय?”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. अन्नातलं फॉस्फरस पोटातच अडवायचं, हे त्या गोळीचं काम. रिकाम्या पोटात ती अडवणार काय? डायलिसिसमध्ये फेरफार झाले, पथ्य कडक झालं आणि हुकूम सुटला: गोळी पहिल्या घासासोबत, जेवण वेळेवर.

“घरच्या मानसानं पयल्या पंगतीत बसाव? लोक काय म्हनतीन?” मामांना गाठीपेक्षा हेच जास्त लागलं.

गाठ विरेल की नाही, डॉक्टर खात्री देत नाहीत. परवा माझ्या मुलीच्या लग्नात मामांना मी हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं. ताटकळत उभ्या असलेल्या पाहुण्यांकडे त्यांना बघवेना. वरण मीच वाढलं, परवानगी होती तेवढंच. मामांनी गोळी तोंडात टाकली, खाली मान घालून पहिला घास घेतला आणि थबकले. घास अडकला की काय म्हणून मी खाली वाकलो. तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

“वरन एवढं गरम राह्यते काय रे?”