तीन मिनिटांच्या फिल्मबाहेरचं

आमच्या धंद्यात एक गंमत आहे. आठ दिवस शूट करायचं, हार्ड डिस्क भरभरून आणायच्या आणि त्यातून फिल्म काढायची तीन मिनिटांची! उरलेलं कुठे जातं? थोडं सर्व्हरवर जातं, थोडं आमच्या पोटात. सर्व्हरवरचं दर वर्षी कोणीतरी डिलीट करून टाकतं. पोटातलं साचत राहतं आणि शनिवारी कोणाकडे बिर्याणीला जमलो की बाहेर पडतं.

मी वैशाली, निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत व्हिडिओ प्रोड्यूसर. ऑफिस दुबईत, सिलिकॉन ओएसिसमध्ये, चौथ्या मजल्यावर, आणि टीम म्हणाल तर हाताच्या बोटांवर मोजावी एवढी. कॅमेऱ्यावर रफीकभाई परकार, रत्नागिरीच्या खाडीकाठचे. साउंडला आयव्हन डाबरे, वसईचा. भाषांतराला उम्म समीर, म्हणजे समीरची आई. ती सीरियाची, तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर क्लारा मॅडम, बेल्जियमच्या. मनाने वाईट नाहीत, पण त्यांचं घड्याळ कायम आमच्यापुढे पळत असतं.

उम्म समीरची एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तिची आई जॉर्डनमधल्या एका कॅम्पमध्ये राहते. त्याच कॅम्पमध्ये आम्ही वर्षातून दोनदा शूटला जातो. आम्ही जातो, उम्म समीर नाही. तिचे कागद असे आहेत, की एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत येता येईल याची हमी कोणी देत नाही. फोनवर आईचा आवाज येतो, पण व्हिडिओ कॉल लावला की चेहऱ्याचे नुसते चौकोन होतात. नऊ वर्षांत तिने आईला पाहिलेलं नाही.

म्हणून आम्ही फुटेज आणलं, की भाषांतराला हात घालण्याआधी ती सगळं एकदा बघून काढते. बोलणाऱ्या माणसाकडे तिचं लक्षच नसतं, त्याच्या मागून कोण चाललंय ते बघते. रफीकभाईंना नेहमी म्हणायची, हबीबी, जरा वाइड घेत जा ना, मागचंही सगळं येईल असं. सुरुवातीला आम्हाला वाटलं, बाईला कॅमेऱ्यातलं कळायला लागलं! खरं कारण समजलं त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

*

रफीकभाईंनी आमच्याकडे येण्याआधी बर दुबई भागात पंधरा वर्षं लग्नं शूट केली होती. कोकणी, मल्याळी, सिंधी, जी मिळतील ती. हात एकदम सरावलेला. पण सरावलेला हात सहजासहजी सुटत नाही.

पहिल्याच ट्रिपला एक म्हातारं जोडपं होतं. घर गेलेलं, गाव गेलेलं, पत्र्याच्या एका खोलीत संसार. मी वहीत प्रश्न नीट लावून घेत होते. तेवढ्यात रफीकभाईंनी आजोबांना डावीकडे बसवलं, आजींना उजवीकडे, आजींना हनुवटी जरा वर करायला सांगितली. आणि आपल्या बाजारी अरबीत दोघांना फर्मावलं, आता एकमेकांच्या डोळ्यांत बघा!

आजोबा म्हणाले, "कशाला? एक्कावन्न वर्षं झाली. पाठ आहे मला."

आजींनी त्यांच्या दंडावर एक चापट ठेवून दिली आणि दोघंही जी हसत सुटली, ती थांबेनात. नेमकं तेवढंच फुटेज सगळ्यात सुंदर आलं. क्लारा मॅडमनी ते पाहिलं आणि विचारलं, सगळं गमावलेली माणसं अशी हसतात कशी? ही स्क्रिप्टमध्ये बसणार कुठे?

रफीकभाई म्हणाले, "मॅडम, हसत ती आधीपासूनच होती. मी फक्त बसवलं."

*

थंडीसाठी मदत मागायची फिल्म थंडीत करून भागत नाही. ती लोकांपर्यंत ऑक्टोबरात पोचवायची, तर शूट पडतं ऑगस्टात. आणि ऑगस्टातली दुबई काय असते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

गोदामात एक तंबू उभा केला, आत स्लीपिंग बॅग अंथरली. जो व्हॉलंटियर आत झोपणार होता तो काही आलाच नाही. शेवटी आयव्हनला म्हटलं, बाबा रे, तूच झोप. आयव्हनची नेहमीची एक अट असते, टेकच्या वेळी एसी बंद. एसीची घरघर त्याला सहन होत नाही. त्यासाठी त्याने आजवर आम्हाला कुठे कुठे उकडून काढलंय! त्या दिवशीही त्याने आधी स्वतःच्या हाताने एसी बंद केला, माइक लावला, मग स्वेटर आणि कानटोपी घालून पिशवीत शिरला. मी गळ्यापर्यंत चेन ओढली.

ती चेन परत उघडेना.

मी ओढतेय, लाइट धरणारा ओढतोय, आयव्हनच्या चेहऱ्यावरून घामाच्या धारा. रफीकभाई कॅमेऱ्यामागून शांतपणे म्हणतात, ताई, थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला एवढा घाम दाखवून चालेल का? आतून आयव्हन ओरडला, "एसी लावा!" साउंडवाल्याने टेक चालू असताना एसी लावायला सांगितला, असं जगात दुसरीकडे कुठे झालं असेल असं मला वाटत नाही. पिशवी शेवटी कात्रीने कापली.

*

आयव्हनचाच आणखी एक किस्सा. मुलाखत झाली, की तो त्या खोलीतली शांतता एक मिनिट रेकॉर्ड करतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि एडिटिंगला ती लागते. आमच्या दृष्टीने हे पाणी पिण्याइतकं साधं काम.

कॅम्पमधल्या एका घरात मुलाखत संपली आणि तिथल्या दुभाष्याने सगळ्यांना सांगितलं, एक मिनिट शांत राहायचंय. घरातली अकराच्या अकरा माणसं उठून उभी राहिली. माना खाली. आजोबांनी दोन्ही तळवे पुढे धरले आणि ओठांतल्या ओठांत, गेलेल्या माणसासाठी म्हणतात तो फातिहा म्हणायला लागले. दारावरून जाणारे दोघे चपला काढून आत येऊन उभे राहिले. मला काही बोलताही येईना, कारण रेकॉर्डिंग चालू!

मिनिट संपलं. आजोबांनी आयव्हनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, बेटा, कोण गेलं?

आता कोणीही शहाणा माणूस खरं काय ते सांगून मोकळा झाला असता. पण आयव्हन पडला भिडस्त. इतक्या प्रेमाने विचारणाऱ्या माणसाला "मशीनसाठी होतं" कसं सांगायचं? तो हळूच म्हणाला, "आजी." तशी त्याची आजी गेली होती, खोटं नव्हतं. फक्त तिला जाऊन बारा वर्षं झाली होती.

दुखवट्याचं जेवण जेवल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडलं नाही. पुढच्या ट्रिपला भेटले तेव्हाही त्या आजोबांनी आधी हेच विचारलं, तुझे आजोबा आता सावरले का?

*

आमच्याकडे एक पद्धत आहे. फिल्म बाहेर जायच्या आधी ज्याची गोष्ट आहे त्याला दाखवायची. त्याला एखादी गोष्ट नको असली तर ती काढायची, वाद घालायचा नाही.

अबू यासीन म्हणून एक सुतार होते. गाव कसं जळलं, भाऊ कसा गेला, सगळं त्यांनी सांगितलं होतं. त्यांनी फिल्म पाहिली, पुन्हा पाहिली, मग मान हलवली. हे असं जाऊ देणार नाही म्हणाले. मी म्हटलं, भावाचं काढायचं का? ते म्हणाले, ते का काढायचं, ते खरं आहे. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. त्यांच्या मागच्या भिंतीवरची फळ्यांची मांडणी एका बाजूला किंचित कलली होती.

"हे मी बनवलंय. लोक काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी मांडणी सरळ झाली आणि आम्ही सगळी मुलाखत परत घेतली. भावाचं सांगताना त्यांचा आवाज पुन्हा तसाच फुटला. मांडणी मात्र ओळंब्यात होती.

*

एका बाईने मुलाखतीआधी अर्धा तास मागून घेतला आणि आली ती ठेवणीतला ड्रेस घालून, लिपस्टिक लावून. रफकट, म्हणजे कच्ची फिल्म, बघताना क्लारा मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. ही निर्वासित वाटत नाही, म्हणाल्या.

उम्म समीर बाजूला बसून भाषांतर करत होती. इस्त्रीचा ब्लाउज, केस नीट बसवलेले, तीही लिपस्टिक लावून. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"आणि मी वाटते का?" तिने विचारलं.

मॅडम कानापर्यंत लाल झाल्या. सगळ्यांसमोर सॉरी म्हणाल्या, आणि लिपस्टिक फिल्ममध्ये राहिली. हे मी त्यांच्या बाजूने मुद्दाम सांगतेय, कारण बॉसला शिव्या घालायला आम्ही तसे कायम तयार असतो.

*

आता शेवटचा.

संस्थेचा एक नियम आहे: स्टाफच्या नात्यातलं माणूस फिल्ममध्ये घ्यायचं नाही. नियम चांगलाच आहे, नाहीतर आपलीच माणसं आणि आपलाच कॅमेरा! उम्म समीर तो आमच्यापेक्षा कडक पाळते. म्हणून इतक्या वर्षांत तिने एकदाही म्हटलं नाही, की जाताच आहात तर माझ्या आईला भेटून या.

मागच्या ट्रिपला विमानात बसल्यावर रफीकभाईंनी मला एक चिठ्ठी दाखवली. त्यांनी समीरला गाठून आजीचा ब्लॉक नंबर काढून घेतला होता. मी म्हटलं, नियमाचं काय करायचं? ते म्हणाले, "ताई, फिल्ममध्ये घ्यायचं नाही ना? नाही घेणार. पण कॅमेरा टेस्ट करायची का नाही?"

शेवटच्या सकाळी आम्ही गेलो. आजी लहानखुरी, आवाज खणखणीत. हे तुमची मुलगी बघणार आहे, एवढंच रफीकभाईंनी सांगितलं. तिने आम्हाला बाहेर काढलं, डोक्याचा रुमाल बदलला, मग आत बोलावून स्टुलावर बसली. प्रश्न विचारायची वेळच आली नाही. तिने लेन्समध्ये रोखून पाहिलं आणि चाळीस मिनिटं मुलीला झापलं!

रफीकभाई माझ्या कानात सांगत होते. फोनवर नीट जेवते म्हणतेस, मला खरं वाटत नाही. केस कापले म्हणालीस, का कापलेस? समीरला एवढी कॉफी पिऊ देऊ नकोस. मध्येच आजीने हात वर केला, हवेत बोट गोल फिरवलं. रफीकभाई म्हणाले, ती म्हणतेय, ऊठ, उभी राहा, वळ जरा, मला बघू दे किती वाळलीस ते. त्यानंतर त्यांनी सांगायचं बंद केलं. त्यांचे खांदे हलत होते. हसून की कशाने, मी विचारलं नाही. माझीही अवस्था काही वेगळी नव्हती.

दुबईला परतल्यावर मी उम्म समीरला म्हटलं, एक कॅमेरा टेस्ट आहे, तेवढी बघून घे. त्या दिवशी दुपारी चारला फिल्म द्यायची होती आणि आम्ही सगळे एडिट रूममध्येच होतो. तिने फाइल उघडली. आईचा चेहरा आला, चौकोन नसलेला, सुरकुत्यांसकट. उम्म समीरने तोंडावर हात धरला. रफीकभाई उगाच केबल गुंडाळत बसले.

आजी बोलत होती, ही ऐकत होती. मग स्क्रीनवर हात वर झाला, बोट हवेत गोल फिरलं. चोपन्न वर्षांची उम्म समीर खुर्चीतून उठली. उभी राहिली आणि स्क्रीनसमोर हळूहळू वळली.

ती पाठमोरी झाली आणि नेमक्या तेव्हाच दारात क्लारा मॅडम. चारची आठवण करून द्यायला आल्या होत्या. त्यांनी उम्म समीरकडे पाहिलं. तिचे गाल ओले होते आणि ती पुसतही नव्हती. मग त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. ते नाक आणि हे नाक, आंधळ्यालाही कळलं असतं.

"ही बाई काय म्हणतेय?" मॅडमनी विचारलं.

उम्म समीर तशीच उभी राहून म्हणाली, "म्हणतेय, हिवाळ्यात ब्लँकेटं कमी पडतात."

मागे स्क्रीनवर आजीचं बोट पुन्हा गोल फिरत होतं. मॅडमनी वही उघडली, ब्लँकेटं असं लिहून घेतलं, वही मिटली. जाताना दाराशी थांबल्या.

"भाषांतर चुकता कामा नये. पहिल्यापासून पुन्हा बघा. आज दुसरं काही करू नका."