शहाणं लेकरू

कारेगावात धुरपदाच्या खोलीवर पाटीबिटी काही नव्हती, पण कंपनीत नव्यानं लागलेल्या लेकुरवाळीला आठवड्याभरात तिचा पत्ता मिळायचाच. सकाळी सहाला कंपनीची बस यायची. त्याआधी दोन-तीन तान्ही पोरं बाटल्या-दुपट्यांसकट तिच्या सतरंजीवर येऊन पडायची. बारा वर्षांत तिनं अशी तीसेक पोरं सांभाळली आणि त्यातल्या एकाचाही मुका घेतला नाही. तो तिचा नेम होता. न्हाऊ घालायचं, भरवायचं, थोपटायचं. पण लाडाचं नाव ठेवायचं नाही. दुपारी बस परत आली की पोराचं तोंड दाराकडं करून बसायचं आणि म्हणायचं, "बघ, तुझी आई आली."

नेमाला कारण होतं. तिची स्वतःची लेक अंकिता तीन महिन्यांची असताना धुरपदा सणसवाडीला कामाला लागली. पोर मांडवगण फराट्याला सासूपाशी, भामाबाईपाशी ठेवली. फोनवर विचारायची, "रडती का हो?" सासू म्हणायची, "पैल्यांदा रडली चार दिस. आता न्हाई. लई शहाणी हाय." धुरपदा ते बरोबरच्या बायकांना कौतुकानं सांगायची. पुढं अंकितानं आजीलाच आई म्हटलं, आणि आईला घरातल्या बाकीच्यांसारखं नुसतं धुरपदा. आता ती दौंडला नांदते. दिवाळीला येते, पाहुणीसारखी चहा पिऊन जाते. सासूनं लेक तोडली, हे धुरपदानं मनाशी पक्कं धरलेलं. तसलं पाप आपल्या हातून होऊ द्यायचं नाही, म्हणून हा नेम.

सम्राट मात्र नेमाला बधला नाही. त्याची आई माया नवऱ्यावाचून एकटी राहायची, ड्यूटीवर ड्यूटी करायची. दोन महिन्यांचा आला तो नऊ महिन्यांचा होईतो धुरपदाच्या मागं रांगायला लागला. तिच्या पदराचं टोक मुठीत असल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. एकदा माया दारात आली, हात पसरले, तर त्यानं धुरपदाच्या खांद्यात तोंड खुपसून भोकाड पसरलं. मायाचे हात तसेच राहिले.

"माझ्याकडं यीनाच की, मावशी," ती हसत म्हणाली. डोळे भरलेले होते.

धुरपदाला घास गेला नाही. आपली भामाबाई झाली, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं सांगून टाकलं, "उद्यापास्नं त्याला आनू नगंस."

"माझं काय चुकलं का?"

"तुझं न्हाई गं. आत्ताच माझ्यापास्नं तुटला तर तुझा व्हईल. रतनबाईकडं ठेव. तिच्याकडं धा पोरं असत्यात, ती कुनाला लळा लावत न्हाई."

आपण मन मोठं केलं, असं वाटून तिला जरा बरंही वाटलं. माणूस अशा वेळीच हमखास चुकतं, चांगलं वागल्याच्या समाधानात.

रतनबाईची खोली समोरच होती. तीन दिवस सम्राटचं रडणं गल्लीभर ऐकू येत होतं. धुरपदानं दार लावलं, टीव्हीचा आवाज वाढवला. आत्ता गेले तर सगळं मुसळ केरात, असं म्हणून पाय आवरला. चौथ्या दिवशी रडणं थांबलं. नळावर रतनबाई म्हणाली, "लई शहाणं झालं तुझं लेकरू. दिवसभर आवाज न्हाई." तो शब्द धुरपदाला खटकला, पण ती हंडा भरून घरी आली.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी, बसच्या आधी, माया दारात उभी. "मावशी, आता माझ्याकडं यितो. कुनाकडंबी जातो. पन माझ्याकडं बघत न्हाई वो. दूध तोंडातनं तसंच गळतं. डॉक्टर म्हनले, वजन घटलंय."

धुरपदा अनवाणीच समोर रतनबाईकडं गेली. सम्राट भिंतीशी बसला होता, हातात बाटलीचं झाकण. बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून लाडाचं नाव आलं. "सम्या."

त्यानं मान वर केली. तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. हसला नाही, रडला नाही. मग पुन्हा झाकणाकडं वळला. तिनं उचलला तर गाठोड्यासारखा आला. पदराचं टोक तिनंच त्याच्या मुठीत दिलं. मूठ मिटली नाही, पदर घसरून खाली आला. तिनं त्याचा मुका घेतला. त्यानं तोही घेऊ दिला.

तेव्हा तिला अंकिता दिसली, तीन महिन्यांची. ते पहिले चार दिवस तिनं कुणासाठी रडून काढले होते, हे एवढ्या वर्षांत धुरपदाच्या कधी मनातच आलं नव्हतं. सासूनं काही तोडलं नव्हतं. तुटलेलं लेकरू तिनं उचलून घेतलं होतं.

"ह्याला मी नेते," ती म्हणाली.

"ने की. काय तरास न्हाई त्याचा. शहाणं हाय."

"शहाणं न्हाई, रतनबाई. हाका मारून दमलंय."

दुपारी माया आली तेव्हा धुरपदानं पोराचं तोंड दाराकडं फिरवलं नाही. मायालाच शेजारी सतरंजीवर बसवलं. तो मधे, दोघी दोन्हीकडं. त्यानं एकदा तरी रडावं म्हणून दोघी दिवेलागणीपर्यंत बसून राहिल्या. तो रडला नाही.